जे म्हणजे लोड

परवा रात्री ओटा आवरून झाल्यावर लॅपटॉपवर स्पेक्ट्रमचा, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या त्या घरगुती कॉम्प्युटरचा, एम्युलेटर टाकला. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. फ्यूज नावाचा, फुकट मिळतो. खिडकी उघडली, पांढरा पडदा आला आणि तळाशी ती काळी ओळ: © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. मी सराईतासारखे हात ठेवले आणि एल, ओ, ए, डी ही अक्षरं दाबली. पडद्यावर उमटलं ‘लेट ओएडी’. एंटर दाबलं तर ओळ जागची हलेना, फक्त तिच्या शेपटाला एक लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. ज्यांनी स्पेक्ट्रम वापरलाय त्यांना आत्ता हसू आलं असेल. या यंत्रावर आज्ञा अक्षरं जुळवून लिहायचीच नसते. ओळीच्या सुरुवातीला ‘के’ लुकलुकत असतो आणि तेव्हा जे बटण दाबाल त्याच्यावरचा अख्खा शब्द उमटतो. पीला प्रिंट, जीला गो टू, एलला लेट. लोड, म्हणजे कॅसेटच्या टेपवरून प्रोग्राम यंत्रात घ्यायची आज्ञा, असतो जेवर. जे दाबायचं, मग सिंबल शिफ्ट धरून दोनदा पी, म्हणजे दोन अवतरणचिन्हं, मग एंटर, आणि टेप सुरू.

हे मला ठाऊक होतं. म्हणजे कानाला ठाऊक होतं. झोपेतून उठवून विचारलंत तरी ‘लोड, कोट, कोट, एंटर’ हे मी एका दमात म्हणून दाखवीन, त्याच चालीत. पण बोटांना त्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. दिवसभर कीबोर्ड बडवून पोट भरणारी माझी बोटं, आणि ‘आमचा स्पेक्ट्रम’ म्हणून इतकी वर्षं ज्याच्या गोष्टी सांगत आले, त्याचं सगळ्यात पहिलं बटण त्यांना सापडेना. लॅपटॉप मिटून झोपायला गेले, पण ते कुसळ काही निघालं नाही.

कारण उत्तर मला ठाऊक होतं. बटणांवर दादाची, माझ्या आतेभावाची, बोटं असायची.

स्पेक्ट्रम आत्याच्या घरचा, कोथरूडचा. मे महिन्याच्या सुट्टीत मी साताऱ्याहून तिच्याकडे जायचे. यंत्रही पुण्याचंच, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरचा परवाना घेऊन काढलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. इंग्लंडातल्या मूळ स्पेक्ट्रमची ती रबरी बटणं मी फक्त फोटोत पाहिली. प्लसची बटणं कडक प्लॅस्टिकची होती. एकेका बटणावर चार-चार, पाच-पाच गोष्टी छापलेल्या: अक्षर, शब्द, चिन्ह, आणखी दोन शब्द. कोणती कधी येणार हे कोणता शिफ्ट धरलाय त्यावर. यामागे कंजूषपणा होता, पण शहाणा कंजूषपणा. ४८ के मेमरीत एक आज्ञा एका बाइटमध्ये बसवलेली, आणि अक्षरं जुळवून शब्द ओळखायचा यंत्राचा खटाटोपही वाचलेला. मशीनच्या लेखी लोड म्हणजे २३९ आणि लेट म्हणजे २४१, संपलं. शाळेत सरकारी योजनेतून आलेला एक बीबीसी मायक्रो होता, त्याच्यावर मात्र सगळं अक्षरं जुळवून लिहावं लागे. तो आम्हाला रांगेत उभं करून, चपला बाहेर काढायला लावून, काही मिनिटं दाखवला जाई. लोडची चार अक्षरं माझ्या बोटांनी बहुतेक तिथेच उचलली असावीत.

आत्याच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक लाकडी खुर्ची आणि भिंतीला लागून पलंग. खुर्चीवर दादा. पलंगावर मी, मांडीवर मासिक. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे इंग्रजी कॉम्प्युटर मासिकांचे सुटे अंक मिळत, त्यांत पानंच्या पानं प्रोग्राम छापलेले असायचे. मी वाचायचे, तो दाबायचा. अडचण आकड्यांची होती. डेटाच्या ओळींत नुसते आकडे, तीन बोटं रुंद रकान्यात, ओळीमागून ओळी. मराठीत वाचले की घोटाळा ठरलेला. मी एकोणसत्तर म्हणायचे, तो एकोणसाठ दाबायचा; मी एकोणनव्वद म्हणायचे, त्याला एकोणऐंशी ऐकू यायचं. आणि त्या ओळींत एक आकडा चुकला तर मशीन सांगत नाही कुठे चुकलं. चालवलं की पडदा रंगीबेरंगी कचऱ्याने भरतो, म्हणजे आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर करड्या कचऱ्याने, आणि तासाभराची मेहनत साफ. शेवटी आम्ही सुटे अंक म्हणायला लागलो. सहा नऊ. आठ नऊ. दोन पाच पाच. मध्ये स्वल्पविरामासाठी मी जिभेने टक् करायचे. आत्या स्वयंपाकघरातून विचारायची, ‘अगं, पाल बोलतेय का?’

मला कुणी खुर्चीवर बसू नको म्हटलं नव्हतं. मीही कधी ‘ऊठ’ म्हटलं नाही. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, यंत्र त्याच्या मुंजीनंतरच्या बक्षिसाचं, आणि मी पाहुणी. आता मागे वळून पाहताना याच्यावर रागवावं असं कधी कधी वाटतं, पण राग येत नाही. वाचायला मजा यायची. पुढची ओळ मला आधी कळायची. प्रोग्राम कुठे वळणार, कुठून परत मागे जाणार, हे पलंगावर बसून दिसायचं. दादाला फक्त आत्ताचं बटण दिसायचं. पुढे पोटापाण्यासाठी मी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायला लागले, ती सवय पलंगावरचीच.

तर, एम्युलेटर. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले आणि आधी सेटिंग्जची सगळी पानं वाचून काढली. ही सवयही तीच. फ्यूजमध्ये एफ ४ दाबलं की जी यादी येते ती वाचताना माझं मन हरखून गेलं. यंत्राच्या आतल्या खोडी लोकांनी किती प्रेमाने नोंदवून ठेवल्यात! स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोके मारतो. चित्राची एक चौकट म्हणजे बरोबर ६९,८८८ ठोके. आता गंमत अशी की पडद्यावरचं चित्र ज्या मेमरीत असतं, तिच्यात प्रोसेसरलाही जायचं असतं आणि चित्र काढणाऱ्या फेरांटीच्या यूएलए चिपलाही. चित्र थांबू शकत नाही, म्हणून प्रोसेसरने थांबायचं. तो कोणत्या क्षणी दार ठोठावतो त्यावर त्याला ६, ५, ४, ३, २, १, ० किंवा पुन्हा ० ठोके ताटकळत ठेवलं जातं. ही रांग तोंडपाठ असलेले लोक जगात आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे. एक पर्याय तर असा की तो निवडला तर पडद्याशी संबंधित सगळ्या वेळा एक ठोका उशिरा होतात, कारण काही खऱ्या यंत्रांमध्ये तसं होत असे. एक ठोका, म्हणजे सेकंदाचा पस्तीस लाखावा भाग! आणखी एक पर्याय सुरुवातीच्या यंत्रांच्या कीबोर्डसाठी, कारण ती यंत्रं बटणांची वर्दी किंचित वेगळी देत आणि त्यावर विसंबून लिहिलेले काही गेम पुढच्या यंत्रांवर रुसत.

इतकं सगळं आहे, आणि आत्याच्या मागच्या खोलीचं काहीच नाही, असं मला वाटलं. लाइट जाण्याचा पर्याय कुठाय? दुपारी अडीचला पंखा मंदावला की दादा ‘सेव्ह, सेव्ह!’ म्हणून ओरडायचा, आणि कॅसेट लावेपर्यंत ४८ के कोरे झालेले असायचे. ते या यादीत कुठे बसवणार?

मग खाली ‘ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही’ असा एक चौकोन दिसला. त्यात टिक केली आणि पडदा एकदम ओळखीचा झाला. तोवर रंगीत पडद्यावर चाललेला गेम मला परका, थोडा भडकच वाटत होता. भगभगीत पिवळा, त्याला चिकटून किंचाळणारा आकाशी. स्पेक्ट्रमच्या आठ बाय आठ ठिपक्यांच्या घरात दोनच रंग राहू शकतात, त्यामुळे माणूस झाडाजवळून गेला की झाडाचा रंग माणसाला लागतो. जाणकार याला मोठा दोष मानतात. आमच्या टीव्हीवर तो नुसता करडा डाग दिसायचा, आणि आम्ही त्याला सावली समजायचो. चांगली करामत केलीय सावलीची, असं दादा म्हणायचाही.

टिक काढ, टिक घाल, असं करत असताना रंगांचे क्रमांक बघितले. काळा ०, निळा १, लाल २, जांभळट ३, हिरवा ४, आकाशी ५, पिवळा ६, पांढरा ७. हे क्रमांक उगाच नाहीत. हा उजळपणाचा चढता क्रम आहे. रंग काढून घेतले तरी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या पायऱ्या एकापुढे एक नीट उरतात. म्हणजे यंत्र बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आमचा टीव्ही होता! आमचाच असं नाही. तिकडेही घरातला चांगला टीव्ही मोठ्यांचा, आणि कित्येक मुलांच्या वाट्याला जुना ब्लॅक अँड व्हाइटच यायचा. पण १९८२ साली केंब्रिजमध्ये बसून कुणीतरी विचार केला होता की रंग न दिसणाऱ्यालाही निळा आणि पिवळा वेगळे कळले पाहिजेत. मघाची माझी तक्रार निम्मी तरी मागे घ्यावी लागली.

टेपचं प्रकरण मात्र वेगळं. फ्यूज मुळात टेप वाजवतच नाही. फाइल उघडली की डोळ्याचं पातं लवायच्या आत गेम हजर. ते पर्याय बंद केले, लोडिंगचा आवाज चालू केला. आधी लांब सुईसारखा सूर, पडद्याच्या कडेला जाड पट्टे. मग खरखर, पट्टे बारीक. सतरा बाइटचं नाव-गाव येतं, सूर थांबतो, पुन्हा लागतो, आणि चित्र यायला लागतं. सलग वरून खाली येत नाही. पडद्याच्या वरच्या एक-तृतीयांश भागात आधी दर आठवी रेघ, मग त्यांच्या खालच्या, मग त्यांच्या खालच्या. तो भरला की मधला, मग तळचा. शेवटी ७६८ बाइटमध्ये रंग. शून्य एकापेक्षा निम्म्या वेळात येतं, म्हणून मोकळं आकाश असलेली चित्रं भरभर भरतात आणि त्यांचा आवाजही चढा असतो. लोड होताना आवाजावरून ‘आता डोंगर आला’ हे मी सांगायचे, ते खोटं नव्हतं.

टेपरेकॉर्डर माझ्याकडे असायचा, पलंगावर. आवाजाच्या चाकावर बॉलपेनने केलेली खूण, तिच्या केसभर पुढे गेलं तरी ‘आर टेप लोडिंग एरर’. त्याच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू शिलाई मशीनच्या पेचकसाने पाव वळसा फिरवायचा, आवाज टोकदार झाला की थांबायचं. आत्याच्या भावगीतांच्या कॅसेटी, ज्यांच्यावर पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून कोपऱ्यातली प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली, त्या भोकांवर सेलोटेप लावून आम्ही त्यांच्यावर सेव्ह करायचो. एका कॅसेटवर प्रोग्राम संपला की मागून अर्धं कडवं ऐकू यायचं. आत्याला ते कळायचं तेव्हा आम्ही गच्चीवर असायचो.

आता फ्यूजमध्ये एक खूण होती, ‘लोडर ओळखा’. म्हणजे मशीन टेपकडे बघायला लागलं की टेप आपोआप सुरू, काम झालं की आपोआप बंद. मी ती ओळ दोनदा वाचली. हे तर माझं काम! दोन माणसांच्या त्या यंत्रातली खुर्ची जशीच्या तशी ठेवलीय, बटणं ठेवलीत, टीव्ही ठेवलाय, आणि पलंगाच्या जागी एक चौकोन, त्यात टिक. अर्थात बनवणाऱ्यांची चूक नाही. एका खोलीत एकटं बसून स्पेक्ट्रम चालवणारे लाखो असतील. पण टिक मी काढून टाकली. आता लोड म्हटलं की एफ ८ मी दाबते. स्वतःच सांगायचं, स्वतःच दाबायचं. थोडं खुळ्यासारखं वाटतं, पण दाबते.

जाता जाता एक: या एम्युलेटरांना स्पेक्ट्रमच्या रॉमची, म्हणजे यंत्रात कायमच्या कोरलेल्या मूळ प्रोग्रामची, प्रत उघडपणे बरोबर देता येते. १९८६ मध्ये अॅमस्ट्रॅड या कंपनीने सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना विकत घेतला आणि पुढे एम्युलेटरवाल्यांना रॉम वापरायची मोकळीक दिली. तळाची ती मालकी हक्काची ओळ तेवढी पुसायची नाही. सगळ्याच जुन्या यंत्रांच्या नशिबी असा दिलदार मालक येत नाही.

मग मी ज्यासाठी हे सगळं टाकलं होतं तिकडे वळले. स्पेक्ट्रमवर २१ अक्षरं आपली आपण काढता येतात. आठ बाय आठ ठिपके, वरून खाली आठ आकडे, ते ‘पोक’ या आज्ञेने मेमरीत ठेवायचे. आम्ही देवनागरी काढायला घेतलं होतं. गणिताच्या चौकटीच्या वहीत पेन्सिलीने मी चौकोन भरायचे आणि आकडे करून वाचायचे. इंग्रजी अक्षरांना यंत्र वरती आणि बाजूला मोकळी जागा सोडतं. आम्हाला ती सोडून चालत नव्हतं, कारण शिरोरेखा शेजारच्या अक्षराला जाऊन भिडली पाहिजे. म्हणून पहिली ओळ सगळी भरलेली, २५५. ‘प’ मला आजही पाठ आहे: २५५, ६६, ६६, ६६, ६२, २, २, २. कागदावर काढून बघा, खरंच ‘प’ होतो. पण आम्हाला लिहायचं होतं ‘पुणे’, आणि तिथे पंचाईत. उकार खाली, मात्रा वर, आणि आठ ओळींत जागाच नाही. शेवटी उकाराला खालच्या ओळीत वेगळं घर दिलं, मात्रेला वरच्या ओळीत. दोन अक्षरांचा शब्द, तीन मजली. मराठीची बाराखडी २१ घरांत बसणार नाही हे तेव्हाच कळून चुकलं होतं, पण ‘पुणे’ झालं तेव्हा दादाने आत्याला हात पुसायलाही न देता ओढत आणलं होतं.

‘प’चे आकडे होते, पण ते घालायची बटणं नव्हती. पोक ‘ओ’च्या बटणावर आहे हे मदतीच्या पानावरच्या कीबोर्डच्या चित्रात सापडलं. यूएसआर, म्हणजे आपल्या अक्षराची मेमरीतली जागा सांगणारा शब्द, काही सापडेना. चित्रात तो शब्द दिसत होता, पण त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, कोण जाणे. दादाला फोन लावला. तो ठाण्यात असतो, मॅच बघत होता.

‘दादा, यूएसआर कुठे असतो रे?’

‘दोन्ही शिफ्ट एकदम, मग एल.’ क्षणभरही थांबला नाही. मग म्हणाला, ‘कशाचा यूएसआर? अगं, काय करतेयस तू?’

सांगितलं. टीव्हीचा आवाज कमी झाल्याचं ऐकू आलं. त्याला आकडा एकही आठवत नव्हता, ‘प’चासुद्धा नाही, पण रीड म्हटलं की ‘दोन्ही शिफ्ट, ए’, डेटा म्हटलं की ‘दोन्ही शिफ्ट, डी’, ग्राफिक्समध्ये कसं जायचं म्हटलं की ‘कॅप्स शिफ्ट नऊ’. बोलताना तो समोरच्या टीपॉयवर बोटं आपटत होता, ते फोनवर स्पष्ट येत होतं. मी दाबत गेले. रन म्हटलं, ग्राफिक्स, पी. ‘प’ आला. मग खाली उकारही आला, एका ओळीत जरा डावीकडे सरकलेला, तसाच तर तेव्हाही असायचा. मात्रा सोपी होती.

‘ण’वर गाडी अडली. ‘ण’ला तीन उभ्या रेघा, पहिल्या दोन खाली जोडलेल्या, तिसरा काना. आठ ठिपक्यांत त्या तिघींनी बसायचं म्हणजे कुणीतरी अंग चोरायला हवं. मी म्हटलं, आपण ८२ घेतला होता. पहिल्या दोन रेघा जवळ, काना सुटा. दादा म्हणाला, शक्यच नाही, ७४ होता. पोट रुंद, आणि काना त्याला चिकटलेला. मी म्हटलं, तुला ‘प’ आठवत नाही आणि ‘ण’ बरा आठवतो. तो म्हणाला, ७४ दाबल्याचं आठवतंय, सात आणि चार, बोट इकडून इकडे जातं. मी म्हटलं, वाचत मी होते. तो म्हणाला, दाबत मी होतो, तू वाचलंस ८२ आणि मला ऐकू आलं ७४ असंही असेल. ८२ आणि ७४ मध्ये कुणाची ऐकण्यात गल्लत होते का, तुम्हीच सांगा. तोवर विकेट पडली आणि त्याने फोन ठेवला.

दोन्ही करून पाहिले, शेजारी शेजारी, ब्लॅक अँड व्हाइटची टिक घालून. ७४ दिसायला बरा आहे. हे मी त्याला सांगितलेलं नाही, कारण आमचा ८२च होता.